रिकाम्या शहरातली शर्यत

इथे शनिवारी सकाळी गराज सेल नावाचा प्रकार असतो. लोक घरातली अडगळ गॅरेजसमोर मांडून ठेवतात आणि येणारेजाणारे दोनपाच डॉलर देऊन दुसऱ्याची अडगळ आपल्या घरी आणतात. मी या प्रकाराचा नियमित गिऱ्हाईक आहे (बायकोच्या मते व्यसनी). गेल्या महिन्यात अशाच एका गॅरेजसमोर जुन्या व्हिडिओ गेम्सचा खोका होता आणि त्यात एक डिस्क होती, ‘मोटरस्टॉर्म: अपोकॅलिप्स’. प्लेस्टेशन थ्रीवरचा २०११ चा गेम. किंमत तीन डॉलर. विकणारा गृहस्थ म्हणाला, "ही इथली नाही बरं का, मी ब्रिटनहून मागवली होती. तेव्हा इथे आणलीच नव्हती त्यांनी."

का आणली नव्हती हे त्याला सांगावं लागलं नाही. आम्ही ख्राइस्टचर्चमध्ये उभे होतो.

ज्यांनी ही भानगड ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. आर्केड पद्धतीचे मोटारशर्यतीचे गेम म्हणजे काय हे आपल्या पिढीला समजवायला नको. सायबर कॅफेत दहा रुपये तासानं ‘रोड रॅश’ खेळलेल्या, शेजारच्या बाईकवाल्याला साखळीनं हाणलेल्या पोरांना ते ठाऊक आहे. खरी गाडी कशी वळते, टायर कधी घसरतो, याचा काटेकोर हिशोब करणारे गेम ते सिम्युलेशन. आणि गाडी डोंगरावरून पडली तरी दोन सेकंदांत पुन्हा रस्त्यावर उभी राहते, ते आर्केड. मोटरस्टॉर्म या दुसऱ्या जातीतला, त्यातही ऑफ-रोड. म्हणजे डांबर सोडून चिखल, वाळू, खडक.

बनवणारी कंपनी एव्होल्यूशन स्टुडिओज, इंग्लंडातल्या चेशर परगण्यातली. गंमत म्हणजे त्याआधी याच लोकांनी प्लेस्टेशन टूसाठी जागतिक रॅली स्पर्धेचे अधिकृत गेम केले होते, आणि त्यात न्यूझीलंडचे खडीचे रस्ते होते. म्हणजे हा देश त्यांना अगदीच अनोळखी नव्हता. मग २००६-०७ मध्ये पहिला मोटरस्टॉर्म आला. अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीसारखं लाल वाळवंट, आणि चिखल. काय चिखल होता तो! पहिल्या फेरीत ट्रकनं पाडलेली चाकोरी दुसऱ्या फेरीत तशीच असायची, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत बाईकवाल्याला तिथून जाणं मुश्कील व्हायचं. हे करणाऱ्या माणसानं पावसाळ्यात बैलगाडीची वाट पाहिली असावी असं वाटायचं. दुसरा भाग २००८ मध्ये आला, पॅसिफिकमधल्या एका बेटावर. तिथे बूस्ट मारून इंजिन तापलं की पाण्यात घालून गार करायचं आणि लाव्हारसाच्या जवळ गेलात की ते आणखी तापायचं. साधी युक्ती, पण झकास. हे दोन्ही गेम मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर "याला गेममधलं काय कळतंय" म्हणून पत्रं येतील.

प्लेस्टेशन थ्रीवरचा तिसरा भाग म्हणजे हा अपोकॅलिप्स. आता वाळवंट नाही, बेट नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक काल्पनिक महानगर, भूकंपांनी मोडलेलं. सरकारनं शहर रिकामं केलंय. अशा वेळी एक टोळकं जहाजातून तिथे येतं, पडत्या शहरात दोन दिवस शर्यती लावायला. तुम्ही गच्चीवरून गच्चीवर उडी मारता, मेट्रोच्या बोगद्यातून जाता, पूल तुमच्या मागे कोसळतो, समोरचा टॉवर आडवा होतो आणि तोच रस्ता बनतो. ऑफ-रोड म्हणजे रस्ता सोडून जाणं. इथे शहरानंच रस्ता सोडलाय.

आता तारखा बघा. गेमची घोषणा जून २०१० मध्ये झाली. ४ सप्टेंबर २०१० ला पहाटे ख्राइस्टचर्चच्या पश्चिमेला ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. घरं हलली, चिमण्या पडल्या, पण ढिगाऱ्याखाली सापडून कुणी मेलं नाही, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग २२ फेब्रुवारी २०११, मंगळवार, दुपारी १२ वाजून ५१ मिनिटं. तीव्रता ६.३, आकड्यानं कमी, पण फक्त पाचेक किलोमीटर खोल आणि शहराच्या जवळजवळ पायाखालीच. १८५ माणसं गेली. गेमचं प्रकाशन मार्चमध्ये होतं. कंपनीनं न्यूझीलंडमधलं प्रकाशन लांबणीवर टाकलं. मग ११ मार्चला जपानचा ९.० चा भूकंप आणि त्सुनामी. ब्रिटनमध्ये जाहिराती मागे घेतल्या, तारीख दोनेक आठवडे पुढे गेली. जपानमध्ये गेम आलाच नाही. बाकी युरोपात मार्चमध्येच आणि अमेरिकेत मे महिन्यात तो दुकानांत लागला.

या सगळ्याबद्दल तेव्हा जे लिहिलं गेलं त्याचा सूर साधारण एकच होता. बिचाऱ्यांचं नशीब वाईट, पण वागले सभ्यपणे. आजही या गेमची आठवण निघाली की लोक हेच म्हणतात. मला त्या सभ्यपणाबद्दलच बोलायचं आहे.

हा सभ्यपणा कुणासाठी होता? १२ जानेवारी २०१० ला हैतीची राजधानी भूकंपानं जमीनदोस्त झाली. मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात, कारण नीट मोजायलाही कुणी उरलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात चिलेत ८.८ चा धक्का बसला. आणि जूनमध्ये हे लोक मंचावर उभे राहून सांगतात की आमच्या नव्या गेममध्ये भूकंपानं कोसळणारं शहर आहे, बघा किती भारी कोसळतं. पाच महिने झाले होते हैतीला. पाच महिने! पोर्ट-ओ-प्रिन्सच्या तंबूंत माणसं राहत होती. तेव्हा कुणाला संकोच वाटल्याचं मला तरी आठवत नाही. कारण उघड आहे, हैतीत प्लेस्टेशनची दुकानं नव्हती. ख्राइस्टचर्चला होती, जपानमध्ये तर कंपनीचं घरच होतं. ज्याचं दुःख आपल्या बाजारपेठेच्या नकाशावर आहे त्याच्यापुढे टोपी काढायची आणि बाकीच्यांच्या ढिगाऱ्यावरून गाडी न्यायची, याला मी सभ्यपणा म्हणत नाही. याला गिऱ्हाइकाची मर्जी राखणं म्हणतात, आणि ते आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्यालाही येतं.

याच आठवड्यांत जपानमध्ये आणखी एक गेम बंद झाला, त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आयरेम कंपनीची ‘झेत्ताई झेत्सुमेई तोशी’ नावाची मालिका २००२ पासून चालू होती. भूकंपात सापडलेला एक साधा माणूस शहरातून जिवंत बाहेर कसा पडतो, हा विषय. धक्का आला की खाली बसून तोल सांभाळायचा, तहान लागली की पाणी शोधायचं, वाटेत भेटलेल्याला सोबत घ्यायचं की सोडायचं ते ठरवायचं. तिचा चौथा भाग तयार होत होता. जपानच्या भूकंपानंतर तीन दिवसांत तो रद्द झाला. मूळ कर्त्यानं पुढे स्वतःची वेगळी कंपनी काढून तो पुन्हा उभा केला, आणि जपानमध्ये तो २०१८ मध्ये आला, म्हणजे साडेसात वर्षांनी. भूकंपात माणूस काय करतो हे विचारणारा गेम रद्द, आणि भूकंपात बूस्ट कधी मारावा हे विचारणारा गेम दोन आठवडे उशिरा. या हिशोबात कुठेतरी चुकतंय असं मला वाटतं.

तर डिस्क घरी आणली आणि धूळ खात पडलेला प्लेस्टेशन जोडला. प्रामाणिकपणे सांगतो, पहिला अर्धा तास मजा आली. मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला (हा माणूस पार्टीतही छताच्या तुळया बघत बसतो).

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे इमारती कशा पडतात ते बघणं. त्यावरच डॉक्टरेट केली, त्यावरच पगार मिळतो. या शहरातल्या विद्यापीठात पार्क आणि पॉले या दोन प्राध्यापकांनी सत्तरच्या दशकात जगाला शिकवलं की भूकंपात इमारत मोडणारच असेल तर कुठे मोडायची ते आपण आधी ठरवावं. तुळई वाकू दे, खांब टिकू दे. आज मुंबईतला इंजिनियर जे नियम वापरतो त्यातही हा विचार आहे. आणि याच शहरात, विद्यापीठापासून काही किलोमीटरवर, सीटीव्ही नावाची सहा मजली इमारत होती. १९८६ चं डिझाइन. १८५ पैकी ११५ माणसं त्या एका इमारतीत गेली. त्यात एका भाषाशाळेचे परदेशी विद्यार्थी होते, जपानचे, चीनचे, फिलिपिन्सचे, इंग्रजी शिकायला आलेले. जपानी मृतांचा आकडा २८.

ती कशी पडली ते सांगतो, कारण गेम नेमकं तेच खोटं सांगतो. गेममध्ये टॉवर झाडासारखा कलंडतो. सावकाश, करकरत, तुम्हाला खालून निसटायला वेळ देत. खऱ्या काँक्रीटच्या इमारतीला असं कलंडणं सहसा जमतच नाही. सीटीव्हीच्या खांबांत उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात त्या होत्या सहा मिलिमीटरच्या, आणि वेढे अडीचशे मिलिमीटर अंतरावर. आपल्याकडचा एखादा जुना मुकादमसुद्धा हे बघून "साहेब, रिंगा लांब पडल्या" म्हणेल. स्लॅब आणि लिफ्टच्या भिंतींचा सांधा कच्चा. खांब फुटले, मजल्यावर मजला बसला, काही सेकंदांत संपलं, आणि मग आग लागली. उभी राहिली ती फक्त लिफ्ट-जिन्याची भिंत. चौकशी आयोगानं डिसेंबर २०१२ मध्ये सांगितलं की या डिझाइनला परवानगीच मिळायला नको होती. बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाची इंजिनियरची पदवी बनावट होती हेही बाहेर आलं. सप्टेंबरच्या भूकंपानंतर तपासणी होऊन इमारतीवर हिरवा कागद चिकटला होता. आणि २०१७ मध्ये पोलिसांनी जाहीर केलं की कुणावरही खटला भरणार नाही.

या शहरात खरंच कललेली एक उंच इमारत होतीही, सव्वीस मजली ग्रँड चान्सेलर हॉटेल. एका बाजूची भिंत खाली चेपली आणि अख्खं हॉटेल तिरकं झालं. तिच्यावरून कुणी गाडी नेली नाही. ती मजला मजला करत वरून खाली उतरवली, आणि तोपर्यंत आजूबाजूचे रस्ते बंद. शहराच्या मधल्या भागाला जे कुंपण पडलं ते जून २०१३ मध्ये पूर्ण निघालं. सव्वादोन वर्षं! गेममधला भूकंप दोन दिवसांचा असतो.

"अरे पण गेमच तर आहे," असं कुणीतरी म्हणणारच. मान्य. गाडी दोनशे फुटांवरून पडून शाबूत राहते तिथे काँक्रीटच्या रिंगांचा हट्ट मी धरणार नाही. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे, आणि ती गोष्ट गेमच्या कथेत आहे.

शहर रिकामं आहे, असं गेम सांगतो. पण पूर्ण रिकामं नाही. काही रहिवासी घर सोडायला तयार नाहीत. त्यांना हुसकायला खासगी सैनिक आलेत आणि त्यांच्यात गोळीबार चालू आहे. या मागे राहिलेल्या लोकांना गेममध्ये नाव काय असावं? क्रेझीज. वेडे. भूकंपानंतर आपल्या घरात राहू पाहणारा तो वेडा. आणि त्याच्या अंगणातून मोटारसायकल नेणारा तो नायक.

इथे माझं डोकं फिरलं.

माझं आजोळ उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, जे झालं ते तुम्हाला सांगायला नको. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो आणि पुण्यात होतो, म्हणून हे लिहितोय. दोनतीन फूट जाड दगडी भिंती, चिखलात रचलेल्या, आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर मातीचं जडशीळ माळवद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यासारखं गार घर नाही आणि भूकंपात त्यासारखा सापळा नाही. आठ ते दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागेवर उभी करायची ठरली.

मामा त्यानंतर दीड वर्ष जुन्या गावातल्या पडक्या वाड्याच्या अंगणात पत्र्याखाली राहिले. नव्या गावात प्लॉट होता, घर होत होतं. लोक म्हणत, डोक्यावर परिणाम झालाय. मी मोठा झाल्यावर विचारलं तेव्हा म्हणाले, "गोठा तिथं होता, विहीर तिथं होती, रान तिथून जवळ. आन् तुझी आज्जी तिथंच होती की." एवढंच. याला वेड म्हणायचं असेल तर म्हणा.

ख्राइस्टचर्चमध्येही असे लोक होते. भूकंपानं एव्हन नदीकाठची जमीन पातळ झाली, खालून राखाडी गाळ वर आला, आणि सरकारनं जवळपास आठ हजार घरांचा भाग ‘रेड झोन’ ठरवला. २००७ च्या सरकारी मूल्यांकनानं घर विका आणि जा, असा प्रस्ताव. बहुतेक गेले. काही अडून बसले. ज्यांच्या घराचा विमा नव्हता त्यांना फार कमी पैसे देऊ केले, तर त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २०१५ मध्ये तिथे निकाल त्यांच्या बाजूनं लागला. अडून बसणाऱ्याचं म्हणणं काय आहे हे ऐकायला न्यायालयाला वेळ होता. गेमला नव्हता, कारण मागे राहिलेल्याला वेडा ठरवलं नाही तर शर्यत थांबवावी लागते.

मामांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांना गेम म्हणजे काय हे नातवांमुळे माहीत आहे.

"म्हंजे भूकंप झालेल्या गावात गाड्या पळवायलेत?"

"हो मामा."

"मग त्यात नवीन काय हाय?" म्हणाले. "आपल्याकडं बी आलते की. चार दिसांनी जीपा भरून लोक आलते, बघायला. सोलापूरहून, हैदराबादहून. लेकरं बाळं घेऊन. डबे आणलते. मदतीच्या गाड्या आडकल्या त्यांच्यामुळं. एक जण मला म्हनला, इथं सगळ्यात जास्त कुठं पडलंय, तिकडं जायचंय."

मी गप्प झालो. मी इतका वेळ चेशरच्या इंग्रजांवर तोंडसुख घेत होतो आणि मामांनी एका वाक्यात ती जत्रा आपल्या दारात आणून उभी केली. जहाजातून आलेलं टोळकं आणि जीपमधून आलेलं कुटुंब यांत फरक इतकाच, की जीपवाल्यांना स्कोअर मिळत नव्हता. (आणि त्या जीपवाल्यांतले काही आज हा लेख वाचत असतील. असो.)

आता स्वतःबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. १८० च्या आसपास माणसं गेली. १०३ मीटर उंच धरणाला तडे गेले, बरोबर तिथे जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो, धरणाच्या मानेशी म्हणा ना. धरणात बसवलेल्या यंत्रानं त्या हादऱ्याची नोंद केली, आणि धरणाच्या इतक्या जवळची अशी नोंद तेव्हा जगात दुर्मीळ होती. म्हणून ती प्रसिद्ध झाली. आज काँक्रीटच्या धरणांवर संशोधन करणारा माणूस इराणचा असो, चीनचा असो की न्यूझीलंडचा, नव्या पद्धतीची परीक्षा म्हणून आधी कोयनेवर चालवून बघतो. आमच्या क्षेत्रातल्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणांच्या पुस्तकात कोयना धरण आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी ते नाव पडद्यावर दिसलं तेव्हा माझी छाती फुगली होती. बाकीचे त्याला ‘कॉयना’ म्हणायचे, मी उच्चार दुरुस्त करायचो.

ती फाइल मी किती वेळा चालवली असेल? दोनशे? तीनशे? दर वेळी दहा सेकंदांचा हादरा, दर वेळी मानेशी तडा, आणि तडा जागच्या जागी आला की मी कॉफी प्यायला जायचो. त्या दहा सेकंदांत खाली कोयनानगरमध्ये घरं पडत होती, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. एकदाही. अपोकॅलिप्स खेळताना, तिसऱ्या फेरीत तोच टॉवर त्याच जागी त्याच क्षणी तिसऱ्यांदा पडला तेव्हा आलं.

मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? पंधरा दिवस यावर विचार केला. थोडा फरक आहे. मी ते मॉडेल पाडतो ते पुढचं धरण उभं राहावं म्हणून, आणि माझ्या रिपोर्टात धरणाखाली माणसं राहतात हा आकडा कुठेतरी असतो, भले परिशिष्टात का होईना. त्यांच्या शहरात तो आकडा शून्यच ठेवावा लागतो. शहर रिकामं आहे असं आधी जाहीर केल्याशिवाय हा गेम खेळताच येत नाही. एका खिडकीत एक आजी दाखवा, लगेच बूस्टचं बटण जड होईल. हे करणाऱ्यांनाही कळत असणार, उगाच नाही त्यांनी सगळी पटकथा शहर रिकामं करण्यात खर्च केली. आणि जे रिकामं होईना त्याला वेडं ठरवलं.

भूकंपाच्या पहिल्या वर्षश्राद्धाला, फेब्रुवारी २०१२ मध्ये, पीटर मेजेंडी या इथल्या कलाकारानं एका मोकळ्या जागेत १८५ पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकसारखी एकही नाही. आरामखुर्ची, स्टूल, व्हीलचेअर, तान्ह्या बाळाचं मोटारीतलं आसन. रिकामपण असंही दाखवता येतं.

आपल्याकडे गेमवर टीका म्हटली की लोकांना लगेच बंदी आठवते. राजकोटला २०१९ मध्ये पब्जी खेळणाऱ्या पोरांना पोलिसांनी धरलं होतं. मला बंदी नको आहे. न्यूझीलंडच्या सेन्सॉरनं ‘मॅनहंट’सारख्या गेमवर २००३ मध्ये बंदी घातली होती, पण या गेमच्या बाबतीत सेन्सॉरचा संबंधच नव्हता. कंपनीनं आपणहून हात मागे घेतला. मला तो लांबणीवर टाकण्याचा दिखावाही नको होता. गेम वेळेवर आणायचा आणि लोकांना तोंडावर म्हणू द्यायचं की हा गेम पोकळ आहे. त्याऐवजी झालं काय, की शोकाच्या आड तो टीकेतून निसटला. "वेळ वाईट होती" एवढाच त्याच्यावरचा शेरा उरला, जणू २०१२ मध्ये आला असता तर बरोबर ठरला असता. एव्होल्यूशन स्टुडिओज २०१६ मध्ये बंद झाला. तिथले बरेच लोक कोडमास्टर्सकडे गेले आणि त्यांच्याकडून २०२० मध्ये ‘डर्ट ५’ आला. त्यात पुन्हा चिखल, बर्फ, वाळू, आणि शहर असेल तर नुसतं शर्यतीपुरतं. मी तो खेळलोय. चिखल अजूनही छान करतात.

परवा ऑफिसातला एक सहकारी जेवायला आला होता. अस्सल ख्राइस्टचर्चचा. त्याच्या आईवडिलांचं घर रेड झोनमध्ये गेलं. तिथे आता नुसतं गवत आहे, रस्ते आहेत, आणि कुणाच्या तरी परसातली सफरचंदाची झाडं अजून फळं देतायत. जेवणानंतर मी घाबरत घाबरत डिस्क दाखवली, माझा सगळा युक्तिवाद ऐकवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन शर्यती खेळला. एकीत पहिला आला.

"तुला काहीच वाटलं नाही?" मी विचारलं.

"गाळ कुठाय?" तो म्हणाला. "आम्ही महिनाभर फावड्यानं गाळ उपसत होतो. आणि संडास बंद होते. यात सगळं फारच स्वच्छ आहे." मग जरा थांबून म्हणाला, "पण तेव्हा हा गेम मिळाला असता तर खेळलो असतो. संध्याकाळी करायला काही नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही."

त्याला एक मुलगा आहे, बारा वर्षांचा, भूकंपानंतर जन्मलेला. जाताना त्यानं त्याच्यासाठी डिस्क मागितली. मी दिली.